भिंतीकडं तोंड करा

"हा कॉम्प्युटर सुरक्षित नाही," असं त्या कॉम्प्युटरनंच पडद्यावर लिहून सांगितलं, तेव्हा हमीदभाईंना तो स्वतःचा अपमान वाटला. सोमाटण्याची पतसंस्था दुसऱ्या पतसंस्थेत विलीन झाली, तेव्हाच्या लिलावात त्यांनीच तो सुनेसाठी पसंत केला होता. तळेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत हुमेरा त्यावर नक्षी तयार करायची आणि शेजारचं भरतकामाचं मशीन ती कापडावर उतरवायचं.

"अब्बा, तो चांगलाच आहे. त्याची सिस्टीम तेवढी जुनी झालीय," हुमेरा म्हणाली. "नवीन टाकल्याशिवाय ऑर्डर देणाऱ्या कंपनीचं पोर्टल उघडत नाही. डिझाइन तिथंच आहे. सोमवारी नमुना दिला नाही, तर ऑर्डर पिंपरीला जाणार."

ऑर्डर होती सिक्युरिटी गार्डांच्या शर्टांवरच्या बिल्ल्यांची. आजवर हुमेरानं गल्लीतल्या ब्लाउजांवर मोर काढले होते. वर्षभर चालेल असं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं.

दुरुस्तीवाला निलेश आला, त्यानं खोका उघडून आत डोकावलं आणि तो खूश झाला. "ताई, मशीन दमदार आहे. नवीन सिस्टीमला लागते ती सिक्युरिटी चिपसुद्धा आत आहे, फक्त बंद करून ठेवलीय. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन चालू केली की झालं!"

तो सेटिंगमध्ये गेला, तर पासवर्ड मागितला. पासवर्ड पुसला जावा म्हणून त्यानं आतली बॅटरी काढून पुन्हा लावली, तरी पासवर्ड मागितला. निलेशची खुशी उतरली. "ऑफिसचं मशीन आहे हे. ज्यानं पासवर्ड लावला, तो माणूसच शोधा आता."

हमीदभाईंनी चार फोन करून माणूस शोधला. धोंडिबा वाळुंज, पतसंस्थेचे निवृत्त क्लार्क, मुक्काम बेडसे. रविवारी सकाळीच सासरा आणि सून स्कूटरवरून त्यांच्या अंगणात हजर झाले.

"पासवर्ड व्हय? मीच टाकलाय की," धोंडिबा म्हणाले.

"मग सांगा ना, धोंडिबाभाऊ."

"तेवढं सोडून काय बी मागा."

"अहो, पतसंस्था राहिली नाही. मशीन आमचं आहे!"

"मशीन तुमचं. पासवर्ड माज्याकडं ठेवाया दिलेला हाय."

त्यांच्या पत्नी सरूबाई चहा घेऊन आल्या. "मलाबी न्हाई सांगितला," त्या म्हणाल्या. "एकदा तापात लय बडबडले. शेजारणीची भांडणं काढली, भावकीची काढली. पर त्यो शब्द काय बाहीर आला न्हाई!"

हमीदभाईंनी शेवटचा उपाय म्हणून जुने चेअरमन अंबाजी यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"धोंडिबा, सांगून टाक रे त्यांना," चेअरमनांनी फर्मावलं.

"सायेब, तुमीच म्हणला व्हता, मी सोता मागितला तरी द्यायचा न्हाई."

"म्हणालो होतो खरा," चेअरमन पुटपुटले. "हमीदभाई, माफ करा. माणूस बरोबर बोलतोय." आणि त्यांनी फोन ठेवला.

खरं तर हमीदभाईंनी चिडायला हवं होतं. पण ते धोंडिबांकडे टक लावून बघत राहिले. "तुमच्या पतसंस्थेत माझी ठेव होती हो," ते म्हणाले. "उगाच घाबरायचो मी."

हुमेराला मात्र सोमवार दिसत होता. "काका, आम्हाला सांगूच नका," ती म्हणाली. "तुम्हीच येऊन टाइप करा."

धोंडिबांनी विचार केला. टाइप करायला कुणी मनाई केलेली नव्हती. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बाहेर आले.

तळेगावात कॉम्प्युटरपुढं उभं राहून त्यांनी पहिला हुकूम सोडला. "भिंतीकडं तोंड करा."

"मी पण?" निलेशनं विचारलं.

"तुमी तर पयले!"

तिघं भिंतीकडं वळले. धोंडिबांनी खुर्ची ओढली, दोन्ही हातांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर रुसूनच बसला. निलेशनं तो बंद करून चालू केला आणि मुकाट्यानं भिंतीकडं परत गेला. धोंडिबांना दरदरून घाम फुटला. पासवर्ड दुसऱ्याला कळू नये यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तो आपल्यालाच कळेनासा होईल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"बोटं ऐकंनात हो," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. हुमेराला ऑर्डरपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली.

"काका, घाई नाही," ती भिंतीशीच बोलली. "ऑफिसात कसा टाकायचात? बसून?"

"न्हाई. आल्या आल्या, उभ्यानंच. डाव्या हातात च्याचा गिलास असायचा आन्..." धोंडिबा थांबले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

हुमेरानं पळत जाऊन चहा टाकला. धोंडिबा उठून उभे राहिले, डाव्या हातात गरम पेला धरला, एक घोट घेतला आणि उजव्या हाताची बोटं अशी धावली की ती त्यांची त्यांनाही आवरली नसती. सेटिंग उघडलं!

निलेशनं चिप चालू केली. नवीन सिस्टीम चढायला संध्याकाळ झाली, पोर्टल उघडलं, डिझाइन उतरलं. धोंडिबा तेवढा वेळ जागचे हलले नाहीत. निघताना म्हणाले, "कुलूप नीट लागलंय का, एकदा बगतो." सगळे सवयीनं भिंतीकडं वळले.

सोमवारी सकाळी हुमेरानं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पासवर्ड! आता तर चालू व्हायलाच पासवर्ड लागत होता. तिनं घाबरून बेडश्याला फोन लावला.

"ते पयल्याच गाडीनं निगाले," सरूबाई म्हणाल्या.

दारात धोंडिबा उभे होते. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन.

"काका, हे काय केलंत?"

"काल खोलीत चार माणसं व्हती, पोरी. आसं झालं की बदलायचाच असतो. आन् नुसत्या तिजोरीला कुलूप लावून काय उपेग? दाराला बी लावलं."

"मग नवीन तरी सांगा!"

"सांगाया कसा येईल? मी हाय की." त्यांनी हात पुढं केला. हुमेरानं चहा दिला आणि भिंतीकडं तोंड केलं.

नमुना वेळेत गेला, ऑर्डर मिळाली. दुपारी निलेशनं फोनवर तोडगा सुचवला. "ताई, रात्री मशीन बंदच करू नका, नुसतं झोपवून ठेवा. मग पासवर्ड मागत नाही. त्या काकांना रोज हेलपाटा नको."

"बरं झालं सांगितलंस," हुमेरा म्हणाली.

धोंडिबा दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. संध्याकाळी पिशवी घेऊन ते उठले, थोडे घुटमळले. "उद्या कदी उघडायचंय?" त्यांनी विचारलं.

हुमेरानं त्यांच्याकडे पाहिलं.

"नऊला या, काका," ती म्हणाली, आणि तिनं कॉम्प्युटर बंद केला.