गंगावणेकाकांचं भिंग

मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या जावयाचा फोटो शेजारच्या गंगावणेकाकांना दाखवला. काकांनी सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि थेट माझ्या मोबाइलच्या काचेवर ठेवलं. एक डोळा मिटून, श्वास रोखून ते वाकून राहिले. आम्ही घरचे सगळे निकाल ऐकायला उभे. शेवटी काका ताठ झाले आणि म्हणाले, "सर, ह्यात जावई नाय. नुसती फरशी बसवलीय."

भिंग ठेवलं की मोबाइलवर चौकोनी ठिपकेच दिसणार, हे मी त्यांना नंतर समजावून सांगितलं. पण काकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "फोटो बघायचा नसतो सर, तपासायचा असतो. डिटेल दाखवा, डिटेल!"

गुलमंडीच्या एका बोळात काकांचा पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून ते आमच्या सिडकोत राहायला आले, पण फिल्मचा कॅमेरा आणि भिंग सुटलं नाही. डिजिटल फोटोला ते फोटो मानतच नाहीत. "गुळगुळीत" ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. टीव्ही सेंटरच्या चौकात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला की काका खाली उभे राहून मोठ्यानं विचारतात, "ह्या माणसाला घाम कुठून येत असंल? कातडीला एक भोक ठेवलं नाय!" आमच्या हिची आमटी एखाद्या दिवशी पातळ झाली तर "वहिनी, आज आमटी डिजिटल झाली," म्हणतात आणि तीच आमटी दोनदा वाढून घेतात.

माझी पोरं हसतात. मीही हसतो. पण शेजारी असा माणूस आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही.

त्यांची फोटो काढायची पद्धत ऐकण्यासारखी होती. त्यांच्या कॅमेऱ्यात फोकस चुकला की समोरची उभी रेघ मधोमध तुटलेली दिसे आणि फोकस जुळला की ती सांधली जाई. "आता वऱ्हाडात उभी रेघ कुठून आणायची? सफारीला रेघ नसती, धोतराला धड नसती. पण आमच्या इंदूच्या लुगड्याचा काठ म्हंजे पट्टीनं आखल्यावानी!" म्हणून इंदूकाकू प्रत्येक लग्नाला बरोबर जात. ग्रुप फोटोच्या मधोमध पदराचा काठ सरळ धरून उभ्या राहत. काठ सांधला की काका ओरडत, "सरक!" काकू बाजूला होत आणि खटका दाबला जाई. पस्तीस वर्षं हेच चाललं.

एकदा वैजापूरच्या एका लग्नात मात्र काकांनी "सरक!" म्हटलं आणि अख्खं वऱ्हाडच सरकलं. नवरदेव, करवल्या, पुढच्या खुर्चीतले आजोबासुद्धा. काकूंना इतकं हसू आलं की सरकायच्या त्याच राहिल्या. सवयीनं काकांचं बोट दाबलं गेलं होतं. हा किस्सा सांगताना काका दरवेळी शेवटी म्हणत, "एक फ्रेम बिघडली, बाकी बिलकुल काय नाय."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. काकांच्या बैठकीत त्यांचा हार घातलेला फोटो आहे. हजारो माणसांचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात बायकोचा एकही फोटो निघाला नाही, तेव्हा पुतण्यानं आधार कार्डावरचा मोठा करून आणला. मिटलेले ओठ, सपाट गाल, मागे निळा पडदा. काका आमच्या कॅलेंडरलासुद्धा भिंग लावतात, पण या फोटोला लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

दिवाळीत मुक्ता पुण्याहून नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आली आणि ठिणगी पडली. काकांनी नेहमीप्रमाणे "गुळगुळीत" म्हटलं. मुक्ता माझीच मुलगी. ती म्हणाली, "आजोबा, एकच जागा, एकच उजेड. तुम्ही तुमच्यानं काढा, मी माझ्यानं. छापून भिंगाखाली ठेवू."

"चल! हारलो तर कॅमेरा तुला देऊन टाकीन, अन् फिल्मचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाय."

आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेण्याच्या एका भिंतीसमोर दोघांनी कॅमेरे लावले. छिन्नीचे घाव मोजायचे ठरले. काकांनी अर्धा तास सावलीची वाट पाहिली आणि एकदाच खटका दाबला. मुक्तानं तेवढ्यात दोनशे फोटो काढले. काका मला म्हणाले, "पोरगी फोटो काढतीय का शेंगा फोडतीय?"

काकांचा रोल धुवायला मुंबईला गेला. दोन्ही फोटो एकाच मापाचे छापून आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. मोजायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. आधी आपला फोटो, मग मुक्ताचा, मग पुन्हा आपला. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट निघणार. पण भिंग खिशात टाकून ते म्हणाले, "माझ्यात चौतीस. पोरीच्यात एक्केचाळीस. सात घाव माझ्या फिल्मला दिसलेच नाय." आणि चहा न घेताच गेले.

तासाभरानं परत आले. गळ्यात कॅमेरा, हातात बटर पेपरचं पाकीट. कॅमेरा त्यांनी मुक्तापुढे ठेवला. आम्ही नको नको म्हणत होतो, पण शब्द म्हणजे शब्द. मग पाकिटातून एक निगेटिव्ह काढून त्यांनी कडेनं धरली.

"लई डिटेल दिसतं ना तुझ्याला? मग ह्यात बघ. इंदू म्हणायची, हाच मोठा करून द्या. मी म्हणायचो, बिघडलेली फ्रेम काय लावायची भिंतीला, पुन्हा चांगला काढू. राहिलंच ते. आता मोठा करायचं यंत्र राहिलं नाय, अन् ही एकुलती एक घराबाहेर धाडायची माझी छाती नाय."

मुक्तानं निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून आपल्या कॅमेऱ्यानं टिपली आणि लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं. वैजापूरचं सारं वऱ्हाड हलून पुसट झालं होतं. मधोमध इंदूकाकू तेवढ्या स्वच्छ. पदर हातात धरून हसत होत्या.

काकांनी खिशाकडे हात नेला. मुक्ता म्हणाली, "भिंग नको आजोबा, मी मोठं करते." चित्र मोठं होत गेलं. काठाचा दोरा न् दोरा दिसला. कपाळावरचं गोंदण दिसलं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तोही दिसला. काकूंचा तो दात मी विसरलो होतो. काका विसरले नव्हते. त्यांनी पडद्यावर तिथंच बोट ठेवलं.

थोड्या वेळानं नाक पुसून काका ताठ झाले. "बघितलं? फिल्ममधी होतं म्हणून घावलं तुझ्या कॅमेऱ्याला! ही बरोबरी झाली, पोरी." आणि गळ्यात घालून आणलेला कॅमेरा पुन्हा गळ्यात घालून घरी गेले.

आधार कार्डाचा फोटो आता कपाटात आहे. भिंतीवर दारापेक्षा थोड्याच कमी उंचीच्या काकू हसत उभ्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला काका पाण्याआधी भिंग देतात. परवा मीही गेलो. एक डोळा मिटून काठापासून बघत बघत दातापर्यंत आलो आणि तिथं जरा रेंगाळलो. मागून काकांचा हात खांद्यावर पडला.

"सरका सर," ते म्हणाले, "आज माझं बघायचं राहिलंय."