कावळीचा हयातीचा दाखला

बोरटाकळी तालुक्यात ज्वारीच्या प्रत्येक वाणाला वर्षातून एकदा, फाल्गुनात, कचेरीत स्वतः हजर राहून हयातीचा दाखला घ्यावा लागतो. दाखला नसलेलं बी तिथं उगवत नाही. जमीन कितीही काळीभोर असो, ओल कितीही धरलेली असो, बी नियम मोडत नाही. या बाबतीत ज्वारी माणसांपेक्षा सरळमार्गी आहे.

वाणातर्फे दहा कणसांनी यावं, प्रत्येक कणीस अंगानं पूर्ण असावं आणि सोबत पालक असावा, असा शिरस्ता आहे. कावळी नावाच्या वाणाची पालक चंपाबाई कोडग. सासूच्या मागं हे काम तिच्याकडे आलं. कावळी फारशी पिकत नाही, बाजारात तिला कुणी विचारत नाही. पण बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कावळीचीच भाकरी घालायची, तिनं अंगात रक्त भरतं, हा गावचा जुना रिवाज. चंपाबाईची स्वतःची तिन्ही बाळंतपणं याच भाकरीवर निभावली होती.

पाच वर्षांमागं कचेरीत उंबरजे नावाचे अव्वल कारकून बदलून आले. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाला जागणारा होता. त्यांनी फाइलीतून कावळीचा फोटो काढला आणि बाकावर बसलेल्या दहा कणसांशी ताडून पाहिला. एक कणीस गच्च भरलेलं, एक विस्कटलेलं, दोघांच्या माना वाकड्या, कुणाचा दाणा मोत्यासारखा तर कुणाचा मातकट. पिकायला किती दिवस लागतात, असं त्यांनी विचारलं. एकानं एकशे दहा सांगितले, दुसऱ्यानं एकशे तीस. कोपऱ्यातलं एक किडकिडीत कणीस म्हणालं, ते पावसावर हाय. उंबरज्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, यातली कावळी कोण?"

"समदीच, सायेब."

"फोटोत तर एकच आहे."

उंबरज्यांनी समजुतीनं सांगितलं, की यंदा अटीवर दाखला देतो, पण दरसाल सुधारणा दिसली पाहिजे. नाहीतर वाण मयत धरावा लागेल. कचेरीच्या दारात मयत वाणांचा फलक होता. त्यावर बावीस नावं तांबड्या रंगात लिहिलेली होती आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली होती.

काढणीच्या आधी बायका टोपली घेऊन रानात फिरतात आणि बियाण्याची कणसं निवडतात. सासू हरेक तऱ्हेचं एक कणीस टोपलीत टाकायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि चंपाबाईनं विचारलं नाही. त्या साली चंपाबाई फोटोची झेरॉक्स पदरात घेऊन रानात शिरली. फोटोशी जुळेल ते कणीस टोपलीत, न जुळेल ते म्हशीपुढं. चार-दोन वाकडी कणसं तिनं गावदेवीच्या मंडपात चिमण्यांसाठी टांगली, तेवढंच पुण्य. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं, आणि गावालाही तसंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी दहांतली सात कणसं जुळली. पाचव्या वर्षी दहाच्या दहा. किती दिवस, असं विचारल्यावर दहाही कणसं एका सुरात म्हणाली, "एकशे अठरा." उंबरजे खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी चंपाबाईला चहा पाजला आणि दाखल्यावर 'आदर्श वाण' असा शिक्का मारून दिला. घरी जाताना तिनं पावशेर पेढे नेले.

त्याच आठवड्यात तिची लेक शेवंता बाळंतपणाला आली. सहावा महिना होता आणि रक्त नऊ होतं. चंपाबाई दोन्ही वेळा तिला कावळीची भाकरी घालू लागली. महिन्यानं रक्त आठ झालं, पुढच्या महिन्यात साडेसहा. गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्ताची एक बाटली चढवली, तीही पंधरवड्यात उतरली. डॉक्टरीणबाईंनी पीठ तपासून घेतलं आणि सरळच सांगितलं, की ही भाकरी पोट भरते, पण रक्ताला लागेल असं हिच्यात काही राहिलेलं नाही.

चंपाबाई घरी आली ती थेट बियाण्याच्या कणगीपाशी गेली. झाकण काढून तिनं विचारलं, "रक्ताचं तुमच्यातल्या कुणाकडं होतं?"

"एकशे अठरा," सगळी कणसं म्हणाली.

तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मग मात्र तिच्या ध्यानात आलं, आणि म्हशीपुढं पाट्याच्या पाट्या ओतणाऱ्या आपल्या हातांची तिला किळस आली. ती तिथंच बसून रडली.

गावदेवीच्या मंडपात आढ्याच्या बेचक्यात, चिमण्यांची चोच पोचली नाही अशा जागी, एकच कणीस उरलं होतं. वाकड्या मानेचं, धुरानं काळवंडलेलं. चंपाबाईनं शिडी लावून ते उतरवलं आणि पदरानं पुसलं.

"तुझ्याकडं हाय का ते?"

"थोडं हाय," कणीस म्हणालं. "थोडं माझ्यात, थोडं दुसऱ्यात, असं वाटून घेतलेलं होतं. बाकीची कुठं हायती?"

चंपाबाईनं म्हशीचं काही सांगितलं नाही. कणीस घेऊन ती कचेरीत गेली. उंबरज्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. कावळी यंदा हजर होऊन गेली, तेव्हा ही कावळी नव्हे, ते म्हणाले. नवीन वाण म्हणून एका कणसावरही हिची नोंद होऊ शकेल, नवीन फोटोही काढता येईल, पण येत्या फाल्गुनात. तोवर कणीस अंगानं पूर्ण राहिलं पाहिजे.

"एक दाणा जरी निघाला, तरी मयत धरावं लागेल," ते म्हणाले. "मग पेरून काही उपयोग नाही, बाई. ते उगवायचं नाही."

फाल्गुनाला आठ महिने होते. शेवंताच्या बाळंतपणाला डॉक्टरीणबाईंनी एकोणीस दिवस सांगितले होते.

चंपाबाई बाहेर बाकावर बसली. कणीस मांडीवर होतं. मी फाल्गुनापातूर थांबीन, तुला थांबायला जमंल का, असं त्यानं हळूच विचारलं. गावातल्या पुढच्या सगळ्या लेकी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, ज्यांची अजून लग्नंही झाली नव्हती. मग तिला शेवंताचे ओठ आठवले. ते चुन्यासारखे पांढरे पडले होते.

घरी येऊन तिनं कणीस चोळलं. जात्यावर दळलं तेव्हा एका भाकरीपुरतं पीठ निघालं.

गेले दोन महिने शेवंताला घासाघासाला विनवावं लागत होतं. ही भाकरी तिनं कडेपासून खाल्ली, भराभर खाल्ली, ताटात पडलेला चुरासुद्धा बोटानं टिपून घेतला. तिच्या कपाळावर बारीक घाम आला होता.

"आई, ही कुठली गं?" ती म्हणाली. "अजून एक दे."

चंपाबाईनं डब्यातलं आदर्श वाणाचं पीठ काढलं, भाकरी थापली, टम्म फुगवून लेकीच्या ताटात टाकली. शेवंतानं एक घास तोंडात घेतला. बराच वेळ चावला. मग आईला वाईट वाटू नये म्हणून तिनं ताट हळूच बाजूला सारलं.