नावात माउस असला म्हणजे झालं

आमच्या स्वित्झर्लंडात उंदराला एकटं ठेवायला बंदी आहे. उंदीर हा समाजप्रिय प्राणी असल्यामुळे त्याला सजातीय सोबत मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. आणि नियम म्हटला की माझ्यासारख्या माणसाला तो पाठ असतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या श्टुकीबाई हातात एक छोटंसं खोकं घेऊन बागेत खड्डा खणताना दिसल्या, तेव्हा मी ताबडतोब ओळखलं, की यांच्या दोन उंदरांपैकी एक गेला. म्हणजे दुसरा एकटा पडला. मी कपडे धुण्याच्या खोलीतून तसाच वर आलो आणि फोन लावला. यात वैर वगैरे काही नाही. इतकी वर्षं आम्ही एकाच जिन्यावर राहतो. बोलणंच नाही, तर वैर कुठून येणार?

पशुकल्याण कार्यालयाचे एग्गिमान साहेब लगेच आले. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात, त्यामुळे ते मला सगळ्यांसमोर ‘तक्रारदार’ म्हणत. मीही त्यांच्याबरोबर वर गेलो. बाईंच्या घरात पाऊल टाकायची माझी पहिलीच वेळ. बाईंनी लगबगीने कॉफी टाकली. आम्ही दोघांनी ती नम्रपणे नाकारली.

“हा आमचा मुट्झली,” बाई म्हणाल्या. त्यांच्या ॲप्रनच्या खिशातून एक पांढरं, म्हातारं नाक बाहेर आलं.

“एकटा आहे,” साहेब म्हणाले.

“एकटा कसा? मी असते की दिवसभर!”

“तुम्ही उंदीर नाही, बाई. नियमात सजातीय म्हटलंय.”

“अहो साहेब, याचे आता किती दिवस राहिलेत! नवा आणला की हा जाणार, मग तो एकटा पडणार. त्याला परत नवा आणा. माझ्या वयाला झेपणार आहे का हे रहाटगाडगं? याला माझ्या खिशात सुखाने मरू द्या, एवढंच मागते.”

“मरू दे ना. आमची मरणाला हरकत नाही. फक्त सोबतीने मरू दे.”

पंचाईत अशी झाली, की गावच्या आश्रयगृहात साधा उंदीर शिल्लकच नव्हता. एक रेनमाउस होता. वाळवंटी, केसाळ शेपटीचा, अंगाने दांडगा, आणि तोही एकटाच. म्हणजे आश्रयगृहसुद्धा गुन्ह्यातच होतं. साहेबांचा चेहरा उजळला. एका पिंजऱ्यात दोन गुन्हे मिटत होते.

“अहो, ती जातच वेगळी!” बाई ओरडल्या. “फाडून टाकील तो याला!”

“नावात माउस आहे ना?”

“आहे, पण...”

“मग झालं. नावात माउस, तो उंदीर. कार्यालय भेदभाव करत नाही.”

रेनमाउसने आल्या आल्या मुट्झलीचा अर्धा कान खाल्ला. बाईंनी रडत रडत पिंजऱ्यात मधोमध जाळी लावली. साहेबांनी ती जाळी पाहिली आणि ते फार गंभीर झाले, कारण आता एका घरात दोन एकटे उंदीर झाले होते. मग मध्यस्थीसाठी श्टाखेलमाउस आणला. याच्या पाठीवर काटे असतात. तो दोघांनाही सारखाच चावला, म्हणून अहवालात त्याची ‘निःपक्षपाती’ अशी नोंद झाली. तरी सोबत काही जमेना. शेवटी साहेब माळ्यावरच्या फ्लेडरमाउसची चौकशी करू लागले. फ्लेडरमाउस म्हणजे वटवाघूळ. पण नावात माउस आहे, आणि ते आमच्याच इमारतीत राहतं.

“उलटं लटकतं हो ते!” बाई म्हणाल्या.

“प्रत्येकाचा दृष्टिकोन वेगळा असतो.”

मुट्झलीने अन्न सोडलं होतं. बाईंनी त्याला खिशात घेतलं, वर हात ठेवला आणि एकदम म्हणाल्या, “माझ्याही नावात माउस आहे!”

“श्टुकीत? कुठे?”

“आमचे हे मला जन्मभर माउसी म्हणायचे. एल्सबेथ म्हणून हाक मारली असेल तर शपथ!”

मावशी नव्हे हं, माउसी. आमच्याकडे नवरे लाडाने बायकोला उंदीर म्हणतात. बाईंनी बोटातली अंगठी कशीबशी काढून दिली. साहेबांनी चष्मा लावला. आत कोरलं होतं, ‘माझ्या माउसीला’. साहेबांनी वरिष्ठांना फोन केला, बराच वेळ “होय, होय” म्हटलं, आणि श्टुकीबाईंची ‘उंदीर, मोठा’ अशी रीतसर नोंद झाली. बाकीचे माउस परत गेले. मुट्झली त्यानंतर खिशातच राहिला, चीजचे कण खात राहिला, आणि एका सकाळी बाईंच्या मांडीवर निवांत गेला. अगदी त्यांना हवं होतं तसा.

त्या पुन्हा बागेत खड्डा खणताना दिसल्या. मी अर्थातच फोन लावला. वर आता एक उंदीर एकटा राहत होता.

“श्टुकीबाई,” साहेब म्हणाले, “तुम्ही एकट्या आहात.”

बाई म्हणाल्या, “हे गेले तेव्हापासून एकटीच आहे मी. पण ते सांगायला आलेले तुम्हीच पहिले.”

“तेव्हा तुमची नोंद नव्हती. हरकत नाही, आश्रयगृहात जागा आहे. भुसा रोज बदलतात. गाजरं ताजी असतात.”

“आणि बोलायला कोणी येतं का?”

“येतं ना, सकाळ-संध्याकाळ. नियमच आहे तसा.”

“मग थांबा, मी पिशवी भरते,” बाई म्हणाल्या, आणि खरंच उठल्या.

मी हळूच जिना उतरून माझ्या दाराशी आलो, पण साहेब मागोमाग आले होते. माझी चावी कुलपात फिरायच्या आत त्यांनी दारावरची पाटी वाचली.

“हेर माउसर!” ते म्हणाले. आमच्याकडे हेर म्हणजे श्रीयुत. “इतके दिवस बोलला नाहीत?”

“अहो, ते आडनाव आहे!”

“नावात माउस आहे ना?”

“आहे, पण...”

“घरी कोण कोण असतं?”

“कोणी नाही. मी एकटाच.”

साहेबांचा चेहरा पुन्हा उजळला.

तेव्हापासून रोज दुपारी मी वर जातो. बाई कॉफी टाकतात आणि मला ती नाकारता येत नाही, कारण सोबत झाल्याची सही दोघांनी करायची असते. मी निव्वळ नियम म्हणून जातो, गैरसमज नको. रविवारी सुट्टी असते. गेल्या रविवारी गेलो होतो, ते चुकून. बाईंनी अक्रोडाचा केक केला होता, तोही बहुधा चुकूनच.

तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं, ठाऊक आहे का तुम्हाला? नसलं तरी काळजी करू नका. तुमच्या नावात उंदीर नाही. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.