कपडे ऑप्शनल

इनास रुमाव माणसाला नावानं ओळखत नाहीत, मापानं ओळखतात. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एका पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनी माझ्या बुटांपासून नजर वर नेली, खांद्यापाशी थांबले आणि म्हणाले, "फॉर्टी रेग्युलर. डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. बॅग त्याच खांद्याला लावता ना?"

मी हो म्हणेपर्यंत त्यांना माझ्या शर्टाचं लोंबणारं बटण दिसलं होतं. खिशातून सुई निघाली. अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरायचा असतो, म्हणून त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा माझ्या दातांत दिला आणि काम सुरू केलं. सहाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर एक फिलिपिनो बाई उभ्या होत्या. त्यांना दिसलं ते असं: नवा भाडेकरू तोंडात दोरा धरून उभा आहे आणि दुसरा पुरुष त्याच्या छातीशी वाकून दातांनी काहीतरी तोडतो आहे. त्या जिन्यानं गेल्या.

इनासभाऊ मूळचे वसईचे. एका मोठ्या हॉटेलच्या युनिफॉर्म रूममध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. जनरल मॅनेजरच्या सुटापासून भांडी घासणाऱ्याच्या एप्रनपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जातं. जो कपडा दुरुस्तीच्या पलीकडे गेला त्याला तिथे 'कंडेम' म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी घरी आणला. टीव्ही कंडेम, शेजारच्या कॅफेटेरियाचा मालक बदलल्यापासून तिथला चहा कंडेम, माझी गाडी तर मी घेतली त्याच दिवशी कंडेम.

स्वतः ते ऑगस्टमध्येसुद्धा फुल शर्टात असतात, मनगटाचं बटण लावलेलं, गळ्याचंही लावलेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री असो, कचऱ्याची पिशवी खाली टाकायला जातानाही पँटला क्रीज. उन्हाळा आला की त्यांच्या हॉटेलात स्टाफसाठी नोटीस लागते, 'कोट ऑप्शनल'. त्या दिवशी इनासभाऊंशी कोणी बोलू नये. "ऑप्शनल म्हणजे काय हो कदम? घाला नाही तर नका घालू? अरे, मग नियम कशाला? आज कोट काढतील, उद्या टाय काढतील."

त्यापुढे काय काढतील याची कल्पना तेव्हा त्यांनाही नव्हती आणि मलाही.

एकदा त्यांनी माझ्याकडे जुना कोट मागितला. मला वाटलं कोणा गरजवंताला द्यायचा असेल. आठवड्यानं कोट परत आला, खांदे पडलेले. आतली दोन्ही पॅड गायब. मग कळलं की बिल्डिंगमधल्या आणखी तिघांचे कोट असेच खांदे टाकून बसलेत. माझी बायको वैशाली म्हणाली, "वय झालं की माणसं काहीही जमवतात." मी चार लोकांत यावर विनोदही केला. आज तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

त्याचा उलगडा खोर फक्कानला झाला. शनिवारी सकाळी आम्ही चौघं माझ्या कंडेम गाडीतून डोंगरातले बोगदे ओलांडून समुद्रावर गेलो होतो. चौथ्या म्हणजे फिलूवहिनी, इनासभाऊंच्या मिसेस. बाई समुद्राकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या, लहानपणी भावांबरोबर नांगरलेल्या होड्यांपर्यंत पोहत जाऊन यायच्या. आणि इथे त्या चप्पलसुद्धा न काढता वाळूत बसून राहिल्या. वैशालीनं हात धरून ओढलं तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. बाजारात तयार मिळतं ते लावून पाहिलं, पण इथल्या उकाड्यात त्याखाली घामोळं उठायचं. तेव्हापासून इनासभाऊ स्वतः शिवून देतात. कोटाचं पॅड, त्यावर कापसाचा थर, वर मऊ मलमल. दर दोन-तीन महिन्यांनी माप घेऊन नवीन.

"अगदी हलकं असतं गं," त्या म्हणाल्या. "पण भिजलं की एका बाजूला ओढतं. मग लोक बघतात. म्हणून पाणी खलास."

वैशाली त्यांच्या शेजारी वाळूत बसली. वहिनी पुढे म्हणाल्या, "हॉस्पिटलमधून आले त्या दिवशी मी यांना गमतीत म्हटलं, झालं, आता मी पण कंडेम. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद आहे. बाहेर कुठे बोलत असतील तर बोलोत."

मी समुद्राकडे पाहिलं. इनासभाऊ गुडघ्याइतक्या पाण्यात, पँट मोजून दोन घड्या वर दुमडून, एकटेच उभे होते.

त्याच वर्षी इनासभाऊंच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा क्रूझची कल्पना वैशालीनं काढली. दुबईहून सुटणारी जहाजं मस्कत-दोह्याकडे जातात. ते सगळं बघून झालेलं, म्हणून विमानानं अथेन्सला जाऊन तिथून ग्रीसच्या बेटांची सात दिवसांची सफर ठरली. जहाजावर इनासभाऊ समुद्राकडे पाठ करून वेटरांची जाकिटं तपासत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेड वेटरला बाजूला घेऊन झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायला शिकवलं. त्यानंतर आमच्या टेबलावर प्रत्येक वेळी दुप्पट आईस्क्रीम येऊ लागलं.

चौथ्या दिवशी एका बेटाजवळ जहाज थांबणार होतं. कुठे कुठे जाता येईल त्याचा कागद खोलीत आला. देवळं, बाजार, गाढवावरची सैर, आणि शेवटी एक शांत, गर्दी नसलेला किनारा. खाली बारीक अक्षरात 'क्लोदिंग ऑप्शनल'.

इनासभाऊंनी तो शब्द वाचला आणि चष्मा काढला. "इथेपण आहेच हे. म्हणजे कोट नको म्हणतायत." मग थोडा विचार करून म्हणाले, "ठीक आहे. सुट्टीवर आहोत. जाऊया."

मी इंग्रजीतून पर्चेस ऑर्डरी लिहितो. वैशाली बी.ए. आहे. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वैशालीचा अर्थ तर आणखी सोपा होता, घरच्या कपड्यांत चालेल. तिनं कागदाचा फोटो दुबईला आमच्या मुलीला, तन्वीला पाठवला आणि आम्ही छोट्या बोटीत बसलो. त्या दिवशी इनासभाऊंनी गळ्याचं बटण उघडं ठेवलं होतं. त्यांना फार मोकळं वाटत असावं, कारण ते दोनदा शीळ वाजवायला गेले.

बोट आम्हाला उतरवून निघून गेली. तीन तासांनी येणार होती. आमच्याबरोबर वीस-पंचवीस मंडळी उतरली, बहुतेक साठीच्या पुढची. त्यातल्या एका उंच म्हाताऱ्यानं वाळूत पाय ठेवल्या ठेवल्या पँट काढली आणि व्यवस्थित घडी घातली. इनासभाऊंनी मला कोपर मारलं. "घडी बघा, कदम. शिवणीवर शिवण. हा माणूस नक्की मिलिटरीत होता."

मग म्हाताऱ्यानं शर्ट काढला. त्याचीही घडी घातली. इनासभाऊ कौतुकानं मान हलवत होते. हळूहळू मान थांबली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कदम, हा थांबत नाहीये."

त्याच क्षणी वैशालीचा फोन वाजला. तन्वीचा मेसेज होता. "आई, स्टॉप. डू यू इव्हन नो व्हॉट दॅट मीन्स? डोंट गो. प्लीज!" वैशालीनं मान वर करून पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं, आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.

आम्ही चौघांनी एका मोठ्या छत्रीखालची जागा पकडली आणि समुद्राकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसलो. समोर खडक, दोन झुडपं आणि एक बकरी. पहिली दहा मिनिटं आम्ही त्या बकरीबद्दल बोललो. पण माणूस किती वेळ बकरी बघणार? हळूहळू मान वळायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. सुटलेली पोटं, सुरकुतलेल्या पाठी, ऑपरेशनचे व्रण, वाकलेले गुडघे. कोणी पुस्तक वाचतंय, कोणी संत्रं सोलतंय. आम्ही चौघंच नखशिखांत कपड्यांत, आणि तिथल्या एखाद्यानं कुतूहलानं पाहिलंच तर ते आमच्याकडे.

इनासभाऊ मात्र अस्वस्थ होते. "काही कळत नाही हो. कोण मॅनेजर, कोण ड्रायव्हर, कोणाची किती सर्व्हिस झाली. मी माणूस कुठून सुरू करू?"

तेवढ्यात एक सत्तरीच्या बाई डोक्याला गवताची हॅट घालून आमच्या बाजूनं पाण्याकडे गेल्या. त्यांच्या छातीची एक बाजू सपाट होती आणि तिच्यावर काखेपर्यंत जाणारा व्रण. कोणी मान वर केली नाही. त्या कमरेइतक्या पाण्यात गेल्या, हॅट सांभाळत थोडं पोहल्या, येऊन आडव्या झाल्या आणि झोपल्या.

फिलूवहिनी ते सगळं पाहत होत्या. मग उठल्या. "वैशाली, चल गं. पाय ओले करून येऊ."

"फिलू, आत जाऊ नको हां," इनासभाऊ म्हणाले. "ते भिजलं की जड होतं." वहिनींनी चपला काढल्या. दोघी किनाऱ्याच्या टोकाला, मोठ्या खडकापलीकडे गेल्या.

अर्ध्या तासानं वैशाली एकटीच परत आली. तिच्या हातात कपड्यांची घडी होती. वहिनींचा निळा ड्रेस, आतले कपडे, टॉवेल आणि सगळ्यांत वर ते मलमलीचं पॅड, कोरडं ठणठणीत.

"भाऊ, वहिनी पोहतायत. काय सुरेख पोहतात हो! तिकडे दुसरं कोणी नाही. कपडे घेऊन तुम्हाला बोलावलंय."

इनासभाऊंनी घडीतला एकेक कपडा बोटानं उचलून पाहिला. "सगळं इथेच आहे," ते म्हणाले.

"हो."

"वैशालीवहिनी, तुम्हीच द्या ना नेऊन."

"नाही," वैशाली म्हणाली. "त्यांनी सांगितलंय, यांनाच पाठव. नाही आले तर मी पाण्यातच बसते म्हणून सांग." आणि ती घडी त्यांच्या मांडीवर ठेवून आमच्यापासून दूर जाऊन बसली.

इनासभाऊ हलले नाहीत. त्यांनी बकरी होती तिकडे पाहत मला सांगितलं, "कदम, मी बघितलेलं नाही."

मला आधी समजलंच नाही.

"ड्रेसिंग नर्स करायची. नंतर तिचं तीच. मी माप घ्यायचो ना, ते डोळे मिटून. टेप लावायची, आकड्यावर अंगठा दाबायचा, तिनं गाऊन ओढून घेतला की डोळे उघडून वाचायचं. तीन वर्षं."

"पण का?"

"जखमेला नाही घाबरलो. माझ्या तोंडावर काय येईल त्याला घाबरलो. ते तिनं बघितलं असतं तर? मग मी काय शिवून देणार होतो?" त्यांनी मांडीवरची घडी उगाच सरळ केली. "ती समजली असेल, मला किळस येते म्हणून."

मला त्या माणसाचा फार कळवळा आला. मी म्हणालो, "इनासभाऊ, त्या थंड पाण्यात वाट बघतायत."

ते उठले. घडी दोन्ही हातांवर घेऊन वाळूतून चालायला लागले. बूट, मोजे, फुल शर्ट. खडकाशी पोहोचल्यावर थांबले. वाटलं, परत येतात. मग दिसेनासे झाले, आणि मी डोंगराकडे तोंड करून बसलो. वैशाली माझ्याजवळ येऊन बसली.

दोघं परत आली ती बोट यायच्या वेळेलाच. वहिनींचे केस ओले होते आणि अंगावर निळा ड्रेस होता, डाव्या बाजूला सैल, सपाट. इनासभाऊ छातीपर्यंत भिजलेले. बुटांतून पाणी येत होतं, क्रीजचा पत्ता नव्हता, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

बोटीत वहिनी आमच्या समोर बसल्या. डोळे लाल झाले होते, पण हसू आवरत नव्हतं.

"तीन वर्षांनी बघितलं बाई यांनी," त्या वैशालीला म्हणाल्या. "नीट, जवळून, चष्मा पुसून. मी वाट बघतेय, आता काय म्हणतात. आणि म्हणतात काय? 'डॉक्टरचा हात चांगला आहे फिलू. टाका अगदी सरळ घातलाय.'"

"घातलाच आहे सरळ," इनासभाऊ पुटपुटले. "एवढ्या लांबीत कुठे चुणी नाही."

वहिनी मोठ्यानं हसल्या. हसता हसता त्यांनी इनासभाऊंचा हात उचलला आणि बोटीतल्या सगळ्यांच्या देखत त्या सैल निळ्या कापडावर, डाव्या बाजूला ठेवला. इनासभाऊंचे कान लाल झाले. जहाज येईपर्यंत त्यांनी तो हात तिथून काढला नाही.