विसरण्याची तोंडी परीक्षा

भीमाकाठ विद्यापीठ सोडून दुसऱ्या विद्यापीठात जायचं असलं, की तिथे न चालणारा विषय विद्यार्थ्याला विसरून जावा लागतो, आणि तो नीट विसरल्याची पावती मिळाल्याशिवाय दाखला हातात पडत नाही. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. विद्यापीठाने दिलेलं ज्ञान ही विद्यापीठाची मालमत्ता. नव्या घरी त्याला जागा नसेल तर ते जुन्या घरी ठेवून जावं, इतकी साधी गोष्ट आहे.

त्यामुळे जायचा विचार असलेली मुलं विषय निवडताना फार सावध असतात. तिकडे काय चालतं हे आधी विचारून घेतात आणि तेवढंच शिकतात. नाहीतर पाटोळ्यासारखी गत होते. पाटोळे हौसेने फ्रेंच शिकला, आणि आता ते विसरण्याच्या परीक्षेत दर खेपेला नापास होतो. त्याच्या बरोबरीची मुलं नोकरीला लागली. हा अजून वसतिगृहाच्या पायरीवर बसून फ्रेंचमध्ये उसासे टाकतो.

शलाका तांदळे पाटोळ्यासारखी मुळीच नव्हती. तिला मुळाकाठ विद्यापीठात जाऊन विमागणित शिकायचं होतं. शाळेपासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पहिल्या वर्षाचे विषय तिने भाजी निवडावी तसे निवडले. चूक एकच झाली. एक विषय कुठलाही घ्या म्हणाले, तेव्हा तिने कन्नड घेतलं. ती जिच्याकडे खोली घेऊन राहत होती त्या मल्लव्वाला दुसरी भाषा येत नव्हती, आणि आंघोळीला गरम पाणी हवंय हे खुणांनी सांगून शलाका कंटाळली होती.

गरम पाण्यापासून सुरू झालेलं बोलणं वर्षभरात कुठच्या कुठे गेलं. मल्लव्वा विजापूरकडची. नवरा गेल्यावर मुलाने तिला इथे आणून ठेवली आणि स्वतः दुबईला गेला. तिला कस्तुरी नावाची एक मुलगीही होती, ती लहानपणीच तापाने गेली. मुलाला तो विषय सहन व्हायचा नाही, म्हणून त्याच्यासमोर ते नाव काढायची सोय नव्हती. कस्तुरी कशाला हसायची, कशावरून रुसून बसायची, हे सगळं मल्लव्वाने जगात एकट्या शलाकाला सांगितलं होतं. अर्थात कन्नडमध्ये.

जाण्याआधीच्या शेवटच्या सत्राचे विषय निवडायची वेळ आली, तेव्हा शलाका समकक्षता कक्षात गेली. तिथले होनराव मोठे सज्जन. आवाज जराही न चढवता माणसाची झोप उडवायचे.

“कन्नड भाग एक मुळाकाठला चालत नाही,” ते म्हणाले. “भाग दोन घेतलात तर दोन्ही मिळून ‘भारतीय भाषा’ होते. ती चालते.”

“मग घेते की.”

“त्याच वेळेला संख्याशास्त्र भाग दोनचा तास आहे. ते नसेल तर विमागणित नाही. वाणिज्य मिळेल.”

“आणि संख्याशास्त्र घेतलं तर?”

“कन्नड इथे जमा करायचं.”

“सर, पण त्या भाषेत एका माणसाशी झालेलं बोलणं?”

“तासाबाहेरचं संभाषण आम्ही प्रात्यक्षिकात धरतो,” होनराव म्हणाले. “त्याचे तुम्हाला गुणही मिळालेत.”

मिळाले होते खरे, आणि भरपूर मिळाले होते. आता कुठल्या तोंडाने भांडणार?

शलाका घरी आली तेव्हा मल्लव्वा भाकरी थापत होती. शलाकाने तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “अव्वा, मी वाणिज्यच घेते. कस्तुरीला इथे सोडून मला नाही जायचं.”

मल्लव्वाने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मगच बोलली.

“तुला वाणिज्य आवडतं?”

“नाही.”

“मग कशाला घेतेस? जन्मभर तोंड वाकडं करून बसशील आणि नाव कस्तुरीचं होईल. माझ्या पोरीवर असला आळ नको.”

“पण मी विसरेन ना सगळं!”

“तू विसरशील. मी कुठे विसरणार आहे?”

शलाकाने संख्याशास्त्र घेतलं. त्याच आठवड्यात मल्लव्वाने विद्यापीठाच्या बाहेरच्या लोकांसाठी चालणाऱ्या मराठीच्या वर्गात नाव घातलं. दोघींचे तास एकाच वेळी असत. मल्लव्वा नवी चप्पल घालून शलाकाबरोबर निघायची आणि फाटकाशी वळायची. मात्र घरी मराठीचा एक शब्द काढायची नाही. शलाकाने फार पाठ धरली तेव्हा म्हणाली, “अजून तुझ्याकडे कन्नड आहे ना? मग ते वापर. शिल्लक ठेवून काय करणार?”

मग दोघींनी ते भरभरून वापरलं. शलाकाला तेव्हा फार आनंद होई, आणि आनंद होतोय म्हणून फार वाईट वाटे.

परीक्षेची रीत सोपी होती. विद्यार्थ्याचं ज्ञान आपल्यात शिरू नये म्हणून होनराव कानांत कापसाचे बोळे घालून एकेक प्रश्न विचारायचे. बरोबर दिलेलं उत्तर तिथल्या तिथे डोक्यातून उतरायचं. चुकलेलं डोक्यातच राहायचं, आणि काही राहिलं की नापास. आकडे गेले, भाज्या गेल्या, नातीगोती गेली. मग होनराव म्हणाले, “आता प्रात्यक्षिक. घरमालकिणीने सांगितलेली हकीकत, सुरुवातीपासून.”

कस्तुरीऐवजी दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तरी पोर शलाकापाशी राहिली असती. तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर पाटोळे आपल्या पाळीची वाट बघत होता आणि खुशीत दिसत होता.

तिने खरं नाव घेतलं आणि हकीकत सांगायला लागली. सांगताना तिला रडू फुटलं. अर्ध्यावर आल्यावर आपण का रडतोय हेच तिला कळेना. होनरावांनी आपला रुमाल पुढे केला, तिचं संपेपर्यंत थांबले आणि पावतीवर शिक्का मारला.

बाहेर पाटोळ्याच्या शेजारी मल्लव्वा बसली होती. शलाकाने तिला लगेच ओळखलं. आपली घरमालकीण, भाकरी छान करते, आपल्यावर जीव आहे. ती काय काय बोलायची ते मात्र काही आठवेना.

“मावशी, तुम्ही इथे कशा?”

तिने मल्लव्वाला मावशी कधी म्हटलं नव्हतं. मल्लव्वाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. मग तिने पाटोळ्याला हाताने थोडं सरकायला लावलं आणि मधली जागा पदराने पुसली.

“बस,” ती मराठीत म्हणाली. एकेक शब्द ती जपून मांडत होती. “मी हळू बोलते. माझे नाव मल्लव्वा आहे. मला एक मुलगी होती. तिचे नाव कस्तुरी.”

“हो का?” शलाका म्हणाली आणि बसली. “कशी होती?”