झोपेतल्या फेऱ्या

चष्मेवाल्याच्या दुकानात त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. काउंटरच्या आडोशाला त्याचा जुना संगणक होता आणि संगणकात एक बेट होतं. चित्रबित्र काही नाही, नुसती अक्षरं. 'धुकं उतरत आहे.' 'पाणी शांत आहे.' आपण 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं, की बेट आपल्याला उत्तरेला नेतं. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून त्या बेटावर राहत होती. चष्मेवाला तिथे नावाडी होता, आणि त्याच्या मते त्याचा खरा धंदा तोच. चष्मे आपले पोटासाठी.

त्या दिवशी सूर्यास्ताला, म्हणजे बेटावरच्या सूर्यास्ताला, दिवेवाली आत्या दीपगृहाची किल्ली नव्या माणसाच्या हवाली करणार होती. अट एकच. दिवसभरात ज्याच्या तोंडून कुणासाठीही नकार निघाला नाही, त्याला किल्ली. सकाळी डझनभर उमेदवार होते. दुपारपर्यंत एकेक जण कुणावर तरी 'नाही' म्हणून खेकसून बाद झाला, आणि उरले दोघेच, नावाडी आणि एक मिशाळ कप्तान. चष्मेवाल्याचा दीपगृहावर फार दिवसांपासून डोळा होता. वर जाऊन बसायचं, लाटा वाचायच्या, आणि कुणी म्हणून हाक मारायची नाही. संसारी माणसाला याहून मोठं सुख ते कोणतं?

आता एका हाताने काच घासायची आणि दुसऱ्याने होडी वल्हवायची, तर दोन्हींचा चुराडा. म्हणून मेहुण्याने त्याला ट्रिगर लावायला शिकवलं होतं. पडद्यावर ठरावीक शब्द आले की ठरावीक हुकूम आपोआप सुटायचा. 'किनाऱ्यावरून कुणी हाक मारतं' असं आलं की नावाडी उठायचा, "आलो, आलो!" म्हणायचा आणि होडी सोडायचा. 'हात भरून आले' असं आलं की आडवा व्हायचा. मालक इकडे फ्रेमचे स्क्रू पिळत बसायचा.

घोळ पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आला. ती हिशेबाला म्हणून दुकानात यायची आणि पडद्याकडे बघत बसायची.

"अहो, तुमचा नावाडी रिकामी होडी घेऊन कुणाला पोचवतोय?"

"असेल कुणीतरी उतारू."

"कुणी नाहीये. आणि हा त्याला म्हणतोय, सांभाळून, पाय घसरेल."

चष्मेवाल्याने पाहिलं. खरंच, नावाडी निवांत आडवा व्हायचा, लगेच धडपडून उठायचा, हवेला बसायला जागा द्यायचा, पलीकडे जाऊन हवेला उतरवून घ्यायचा, आणि थकून पुन्हा आडवा. काठावर बघ्यांची गर्दी जमली होती.

मेहुण्याला फोन लावला. मेहुणा संगणकातला दर्दी. त्याने चार ओळी वाचून घेतल्या आणि खो खो हसत सुटला.

"दाजी, त्या बेटावर झोपलेल्या माणसाला स्वप्नं पडतात ना, त्यातलं गिऱ्हाईक आहे ते! 'स्वप्नात किनाऱ्यावरून कुणी हाक मारतं.' तुमचा ट्रिगर ओळीत कुठेही ते शब्द दिसले की उठलाच. जाग कुठली, स्वप्न कुठलं, त्याला काय कळतंय?"

"मग आता?"

"ओळीची सुरुवातच 'किनाऱ्यावरून'ने झाली तर ऊठ, अशी अट घाला."

अट घातली. हाका थांबल्या. पण त्या बेटावर स्वप्नं रचणारा कुणीतरी फार बारीक डोक्याचा असावा. स्वप्न लांबलं की पुढच्या ओळींत 'स्वप्नात' हा शब्दच यायचा नाही. झोपलेल्याला तरी तो कुठे ऐकू येतो? नावाडी गाढ झोपला आणि ओळ आली, 'दिवेवाली आत्या तुमच्या हातात किल्ली ठेवते.'

या क्षणासाठी चष्मेवाल्याने आभाराचं भाषण सकाळीच ट्रिगरला बांधून ठेवलं होतं. नावाडी ताडकन उठला, कमरेत वाकला आणि साऱ्या बेटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माझा नव्हे, माझ्या होडीचा गौरव आहे!" पुढे बरंच काही म्हणाला.

"किल्ली कुठाय रे?" कप्तानाने विचारलं. "दाखव तरी. का तीसुद्धा पलीकडे सोडून आलास?"

अख्खा धक्का हसला. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. त्याने तिरीमिरीत भाषण पुसलं आणि तिथे नवा हुकूम बसवला. किल्लीची ओळ आली की म्हणायचं, "नको आत्या, हे स्वप्न आहे," आणि गप पडून राहायचं.

"दाजी, हे तात्पुरतं हं," मेहुणा फोनवरून म्हणाला. "सूर्यास्ताआधी आठवणीने काढा. नाहीतर..."

"अरे, मी काय झोपणार आहे का?"

तेवढ्यात एक निवृत्त न्यायाधीश डोळे तपासायला आले. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातलं एकेक अक्षर निकाल द्यावा तसं वाचायला घेतलं. प्रत्येक अक्षराची दोन्ही बाजूंनी सुनावणी. "हा 'म' असू शकेल. पण 'भ' नाहीच असंही म्हणवत नाही." पंख्याची घरघर, दारातून आलेलं ऊन, आणि तो संथ आवाज. चष्मेवाल्याची हनुवटी छातीला कधी टेकली, कुणालाच कळलं नाही.

दुकानात हळूच पाणी शिरलं. ते घोट्याशी आलं, मग काउंटरशी, आणि सगळे चष्मे मांडणीवरून सुटून माशांसारखे पोहू लागले. दोन-दोन डोळ्यांचे मासे, कुणाचं नाक मिळतंय का बघत. न्यायाधीश तक्त्यावर बसून वल्ही मारत होते. पाणी कोमट होतं, कुणालाच घाई नव्हती, आणि लांब, हिरव्या पाण्याच्या वर, एक दिवा सावकाश फिरत होता.

"अहो! अहो, उठा! तुमची आत्या आलीय!"

त्याने डोळे उघडले. बेटावर सूर्य बुडत होता. पडद्यावर ओळी नुकत्याच उमटल्या होत्या.

'दिवेवाली आत्या तुमच्या हातात किल्ली ठेवते.'

'तुम्ही म्हणता, "नको आत्या, हे स्वप्न आहे."'

'तुम्ही आडवे होता.'

दिवसभरातला पहिला नकार, आणि तोही खुद्द आत्याला! बोटं कीबोर्डवर पोचेपर्यंत कप्तान किल्ली घेऊन जिना चढत होता.

चष्मेवाल्याने बोटं कीबोर्डवरून मागे घेतली. बायकोने ट्रिगरची खिडकी उघडली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने एकेक करून सगळे ट्रिगर बंद केले.

तेव्हा धक्क्यावरचा एक कोळी होडीत येऊन बसला.

"नावाडीबुवा, हे सगळं स्वप्न आहे म्हणालात. म्हणजे नेमकं कसं?"

मागून दोघं आले, मग चौघं. हसणारे तेच होते, पण आता दबकून बोलत होते. हातात आलेलं दीपगृह नाकारून झोपी जाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. कुणालाच पलीकडे जायचं नव्हतं. नुसतं होडीत बसायचं होतं. होडी भरली. चष्मेवाला गोंधळून एकेक शब्द हाताने टाइप करत वल्हवू लागला. चुकत होता, खडकाला घासत होता, आणि उतारू त्यातही काहीतरी अर्थ शोधत होते.

वरून कप्तान ओरडला, "अरे, इकडे कुणी येतं की नाही?" कुणी वर बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तोच खाली आला, पाण्यात गुडघाभर चालत होडीपाशी पोचला.

"जागा आहे का रे? वर नुसत्या लाटा आहेत. हे घे, किल्ली तूच ठेव."

"घ्या!" न्यायाधीश खुर्ची ओढून पडद्यापाशी आले होते. डोळ्यांवर एकच भिंग बसवलेली तपासणीची फ्रेम तशीच होती. "अपील मंजूर झालंय तुमचं."

चष्मेवाल्याने पडद्याकडे पाहिलं. दीपगृह रिकामं होतं. धुकं होडीवर उतरत होतं, आणि होडीतली माणसं एकमेकांना सरकून जागा करून देत होती. त्याने एका बोटाने, सावकाश टाइप केलं, "नको. तू बस आधी, होडी कलंडतेय."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे तरी जागेपणी म्हणालात ना?"

"आत्ता काही विचारू नकोस," तो म्हणाला. "वल्हवू दे."