मुंगसाने पाळलेला शांताराम

एका जंगलात, बाळांनो, मुंगसांचे एक घराणे राहत होते. साप मारण्यात सात पिढ्यांचे नाव. नाव उंच होते, पण बीळ सखल जागी होते. दर पावसाळ्यात त्यात पाणी शिरे. मग घरधनी हणगोजी, त्याची बायको सगुणाबाई आणि चार पोरे दोन महिने बाभळीच्या फांदीवर काढत. गेल्या वर्षी धाकटी वाहूनच जायची. शेपूट हाती लागले म्हणून वाचली.

तेव्हापासून सगुणाबाई रोज एकच वाक्य बोले. "आधी मला कोरड्यात न्या. मग सात पिढ्यांचं सांगा."

त्या वर्षी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. जंगलात फार हिंसा होते, असे जेवता जेवता त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून हे वर्ष सहजीवनाचे. एक सहजीवन मंडळ नेमायचे. त्याच्या अध्यक्षाला टेकडीवरचे मोठे वारूळ राहायला मिळणार. पावसाचा थेंब आत न येणारे. अट एकच होती. वसंतोत्सवात, भर सभेत, आपल्या पिढीजात वैऱ्याला शेजारी बसवून दाखवायचे. दोघेही शेवटपर्यंत जिवंत राहिले पाहिजेत.

हणगोजीने मिशा पुसल्या. "साप तर साप. बसवतो."

"कोण येतोय तुमच्या शेजारी बसायला?" सगुणाबाई म्हणाली. "आपलं आडनाव ऐकून नागसुद्धा वाट बदलतात."

"म्हणूनच रानातला नको. पाळीव घ्यायचा. ज्याने आपलं आडनावच ऐकलेलं नाही असा."

नदीकाठी कूर्माजी नावाचे कासव होते. ते धामणींची पैदास करी. हणगोजी तिथे गेला. कूर्माजीने एका वेताच्या करंडीचे झाकण बोटभर उघडले. आत दोरीएवढे पिल्लू होते. झाकण हलताच ते असे उसळले की करंडीच आडवी झाली.

"बिथरलंय का हे?" हणगोजीने विचारले.

"छे, छे. हे शांत आहे. बिथरलेलं तुम्ही अजून पाहिलं नाही."

"चावतं?"

"चावतं. पण विष नाही. धामण ही भित्री जात. आधी पळते. पळता आलं नाही तर चावते. चावून झालं की पुन्हा पळते. पण हे इथेच अंड्यातून निघालंय. याची आईसुद्धा करंडीतलीच. सांभाळलंत तर निवळेल."

"किती वेळात?"

हा प्रश्न कासवाला विचारू नये, बाळांनो. कूर्माजीने मान आत घेतली. विचार केला. बऱ्याच वेळाने मान बाहेर काढली.

"पंधरा दिवस हात लावायचा नाही. लपायला पालापाचोळा ठेवायचा. घरातलं वापरलेलं फडकं आत टाकायचं, म्हणजे वासाची सवय होईल. वरून पंजा घालायचा नाही, बाजूने हळू जायचं. वरून जे येतं ते त्याच्या लेखी घार. आणि मुख्य म्हणजे पाहुणे नकोत."

हणगोजीने बदल्यात दोन टोपल्या अंडी दिली. देताना त्याचे डोळे भरून आले. मग करंडी डोक्यावर घेऊन तो घरी आला. कूर्माजीचे सगळे नियम त्याने पाळायचे ठरवले. फक्त पाहुण्यांचा सोडून.

कारण घरात नवे पिल्लू आले होते. बारसे नको का करायला?

"अहो, सापाचं कुठे बारसं असतं?" सगुणाबाई म्हणाली.

"आणि ठकूअक्काला काय सांगू? पोरांची एकुलती एक आत्या. मला जन्मभर बोलून दाखवेल."

बाराव्या दिवशी बारसे झाले. गावकुसातल्या पंचवीस मुंगसिणी नटूनथटून आल्या. पाळणा टांगला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असे म्हणत पिल्लू पाळण्याच्या वरून आणि खालून फिरू लागले. एकीने दिलेले दुसरीकडे पोहोचेच ना. मधल्याच एखादीच्या पदरातून बाहेर पडे. किंकाळ्या सगळ्या बायकांच्या होत्या. सापाला आवाज नाही म्हणून, नाहीतर सर्वांत मोठी त्याचीच असती.

मग ठकूअक्का नाव ठेवायला वाकली. नाव कानात सांगायचे असते. सापाला कान नसतात. अक्काने बराच शोध घेतला. शेवटी अंदाजाने एक जागा धरून ती ओरडली, "कुर्रर्र! शांताराम!"

आणि शांतारामाने तिचे नाक धरले.

"अगं बाई! सोड मेल्या, आत्या आहे मी तुझी!"

"गुणाचं आहे हो पोर," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली. "पहिल्याच दिवशी नाती ओळखायला लागलं."

त्या दिवसापासून शांताराम पाचोळ्याखाली गेला तो गेलाच. खाणे बंद. हणगोजी तासातासाला वरून झाकण उघडी आणि विचारी, "काय शांताराम, झालास का शांत?" शांताराम उसळे, चावे आणि पुन्हा पाचोळ्यात जाई. प्रत्येक उसळीला हणगोजीच्या पाठीवरचे केस उभे राहत. त्याचा जबडा आपोआप वाजे. सात पिढ्यांचा जबडा होता तो. हणगोजी दोन्ही पंजांनी तो घट्ट दाबून धरी आणि म्हणे, "जमतंय, जमतंय. येतोय वळणावर."

कोण वळणावर येतोय, हे सगुणाबाईला दिसत होते. आकाशात अवकाळी ढगाची एक चिंधी दिसली तेव्हा ती उठली.

"द्या इकडे ती करंडी. उपाशी मरेल ते, आणि आपण जाऊ बाभळीवर."

तिने करंडी चुलीजवळ नेली. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आत टाकला. झाकण कलते ठेवले. मग सूप घेऊन किडे निवडायला बसली. करंडीकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आठव्या दिवशी लुगड्याखालून एक नाक बाहेर आले. पंधराव्या दिवशी शांतारामाने एक बेडूक खाल्ला. (बेडकांना सहजीवन मंडळात जागा नव्हती.) महिन्याने तो आपणहून करंडीबाहेर येऊन तिच्या पायाशी, उबेला, वेटोळे करून पडू लागला.

"काय केलंस तरी काय?" हणगोजीने विचारले.

"काही नाही. तुम्हालाही महिनाभर तेच करा म्हणत होते."

वसंतोत्सवाचा दिवस उजाडला. इच्छुक पुष्कळ होते. लांडग्याने आणलेले कोकरू आदल्या दिवशी "मामाकडे" गेले होते. मांजराने आणलेल्या उंदराविषयी कोणी विचारू नये, अशी मांजराचीच विनंती होती. मंचावर शेवटी एकच जोडी उरली. हणगोजी, आणि त्याच्या शेजारी लुगड्याच्या तुकड्यावर शांताराम. मागे उच्चासनावर सिंहमहाराज. खाली पहिल्या रांगेत सगुणाबाई, मांडीवर धाकटी.

आता फक्त ढोल वाजायचे होते. ढोल थांबेपर्यंत दोघे जागेवर राहिले की वारूळ आपले.

ढोल वाजू लागले. मंच हादरला. सगळ्यांचे डोळे सापावर होते. शांतारामाने वेटोळे आणखी आवळले, एवढेच. सिंहमहाराजांना कौतुक वाटले. कौतुक वाटले की ते शेपूट हलवत. ते शेपूट उच्चासनावरून खाली आले, आणि लांब, पिवळे, वळवळत हणगोजीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून गेले.

सापाची परीक्षा सगळ्यांनी घेतली होती, बाळांनो. मुंगसाची कोणी घेतली नव्हती.

हणगोजीने झेप घेतली आणि महाराजांचे शेपूट मधोमध धरले.

महाराजांनी जी डरकाळी फोडली, तिने ढोलवाले पळाले. हत्ती पळाले. सगुणाबाईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तिला बाभळीची फांदी दिसली.

डोळे उघडले तेव्हा मंचावर एकच प्राणी उरला होता. शांताराम. तो जागचा हलला नव्हता.

महाराजांचा चिटणीस कोल्हा आसनामागून हळूच बाहेर आला. अनुभवी होता. सिंहाला मुंगूस चावले, हे इतिवृत्तात लिहिता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने लिहिले, "महाराजांनी मुंगसाच्या मुखी स्वतःची शेपटी देऊन सहजीवनाचा शुभारंभ केला." हणगोजीचा जीव या एका वाक्याने वाचला.

मग चिटणीस शांतारामाकडे वळला. "एवढी पळापळ झाली, तरी हे जागेवर. बोलले नाहीत. कोणाची बाजू घेतली नाही. यांच्याहून लायक अध्यक्ष कुठून आणायचा? साहेब, आपली काही हरकत?"

शांताराम गप्प.

"हरकत नाही," चिटणिसाने लिहिले.

"अहो, तो घाबरलाय," सगुणाबाई पुढे येऊन म्हणाली. "भीतीने गोठलाय तो. मी ओळखते ना त्याला."

"हळू बोला बाई," कोल्हा म्हणाला. "वरच्या जागेवर बसलेले सगळेच तसे असतात."

वारूळ शांतारामाला मिळाले. पण सगुणाबाईच्या पायाशी असल्याशिवाय साहेब जेवेनात. अध्यक्ष उपाशी गेले तर वर काय कळवायचे? म्हणून चिटणिसाने हुकूम काढला. सगुणाबाई, तिची चार पोरे आणि "सोबत असल्यास नवरा" यांनी वारुळात राहायला जावे.

"आयत्या बिळात साप शिरतो, हे ऐकलं होतं," करंडी उचलत सगुणाबाई म्हणाली. "आयत्या सापामागून मुंगूस शिरतंय, हे आजच पाहिलं."

त्या वर्षी पाऊस चार महिने कोसळला. बाभूळ उन्मळून वाहून गेली. धाकटीचे पायसुद्धा भिजले नाहीत. मंडळाचे कामही उत्तम चालले. अध्यक्षांनी एकही निर्णय घेतला नाही, त्यामुळे कोणाचीच तक्रार आली नाही.

एक हणगोजी तेवढा कुरकुरत असे.

"सात पिढ्यांत आमच्या घरात कोणी असं दबकत चाललं नाही. आपल्याच घरात!"

"आपल्या नाही, साहेबांच्या," सगुणाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "आणि जरा बाहेर जाऊन बोला. साहेब कात टाकतायत."

तात्पर्य : कोपऱ्यात घाबरून गप्प बसलेल्याची कीव करू नये. तो बहुधा मोठ्या पदाची पूर्वतयारी करत असतो.